रविवारचा फोन

प्रिय ताई,

गुडघे परवानगी देतील तितकं वाकून नमस्कार. माझं क्षेम आहे. जेवण वेळेवर, झोपही यथासांग. भावोजींचा खोकला गेला का?

आई गेल्यावर महिन्याने कामावर रुजू झालो. काम तेच, शाळाशाळांतून फिरून मुलांना विद्यापीठात या म्हणून आर्जव करायचं. तू म्हणतेस तसा विद्येचा फेरीवाला.

माझं भाषण तुला पाठ आहे. त्यातलं एक वाक्य अकरा वर्षं मी पालकांना ऐकवतो आहे: "मीही आईला सोडून लांब आलो, पण दर रविवारी तिचा फोन येतो, जेवलास का म्हणून." काल ते सवयीने तोंडून गेलं. मी थांबलो नाही.

नंतर एका मुलीची आई फॉर्म घेऊन आली. "एकुलती आहे, पाठवायचं नाही असंच ठरवून आले होते," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या आईंना जमलं, तर मलाही जमेल. त्यांना माझा नमस्कार सांगा."

फॉर्मवर सही झालेली होती. मी म्हटलं, "सांगतो." खरं बोललो असतो तर त्या मुलीचं शिक्षण तिथेच अडलं असतं, अशी मनाची समजूत घालतोय.

तो नमस्कार माझ्याकडे पडून आहे. आईच्या खोलीत जाशील तेव्हा तेवढा पोचव. आणि रविवारी फोन कर. काय विचारायचं ते तुला ठाऊक आहे. उत्तर मी खरं देईन.

तुझा सोयीपुरता आज्ञाधारक,
धाकटा