नव्या इंजिनातलं पहिलं पाणी

आबा,

त्या शनिवारी सकाळी मी नेहमीपेक्षा वेगळं काहीच केलं नव्हतं, हे आधी सांगतो. आंघोळ करून देवळात गेलो. आई माझ्या आधीच तिथे पोचली होती, देवळामागच्या विहिरीतून तांब्या भरून उभी. मी बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या टाकीत जेवढं पाणी कमी होतं तेवढं त्या तांब्यातून घातलं. उरलेलं तिने तुळशीत ओतलं. तुम्ही असताना तुमच्या ट्रकला जे व्हायचं तेच माझ्या गाडीला होत होतं. गाडी मी घेतली तेव्हा तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण देवळासमोर ती आणून पहिल्यांदा काय करायचं हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. इंजिन थंड ठेवायला कंपनीने भरलेलं हिरवं पाणी मी खालचं बूच काढून सगळं सोडून दिलं आणि तांब्या तांब्या करत विहिरीचं भरलं. नव्या गाडीत पहिलं पाणी देवाचं. तुमच्या ट्रकच्या वेळी मी हाफ पँट घालून बाजूला उभा होतो. पाहिलेलं विसरलो नव्हतो.

त्या दिवशी भाडं होतं हरिहरेश्वरचं. चौलमधलं एक कुटुंब वडिलांच्या अस्थी घेऊन निघालं होतं. मोठा मुलगा माझ्या शेजारी बसला, मांडीवर फडक्याने तोंड बांधलेलं मडकं. आगरदांड्याला गाडी बोटीत चढवली, दिघीला उतरवली. म्हसळ्यातून त्यांच्या बहिणीला घ्यायचं होतं म्हणून आम्ही आतल्या रस्त्याने निघालो. तुमच्याही अस्थी मी याच रस्त्याने नेल्या होत्या, आबा. त्या वेळी दुसऱ्याची गाडी होती. आज आपल्या गाडीतून कुणाचा तरी बाप नेतोय, हे पुण्याचं काम आहे, असं मी मनात म्हणत होतो.

म्हसळ्याच्या अलीकडच्या चढावर गाडीची ओढ गेली. मी काट्याकडे पाहिलं. तापमानाचा काटा अगदी शहाण्यासारखा मध्यावर होता. मग आतून दगड भरडल्यासारखा आवाज आला आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. पुन्हा चावी फिरवली तर नुसतं टक. बॉनेट उघडलं तेव्हा टाकी कोरडी ठणठणीत. रेडिएटरला खालून भोक पडलं होतं, पाणी वाटेतच गळून गेलं होतं. काटा ज्याच्या जोरावर चालतो ते पाणीच उरलं नव्हतं, तर तो वर कशाला चढेल? हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त उन्हात उभा होतो आणि ती माणसं माझ्याकडे बघत होती.

शेवटी मासळी उतरवून परत चाललेला एक टेम्पो थांबला. त्या वास मारणाऱ्या टेम्पोत, ओल्या फळ्यांवर, सुतकातली माणसं चढली. मोठा मुलगा मडकं छातीशी धरून चढताना माझ्या गाडीतल्या देवाच्या फोटोकडे बघून शांतपणे म्हणाला, "तुमच्या गाडीतला देव आज झोपला वाटतं." तो शिव्या देता तर बरं झालं असतं. त्या वाक्याने माझे कान तापले ते अजून तापलेलेच आहेत.

गाडी ओढून आणली. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये इंजिन उघडलं तेव्हा तिथल्या साहेबाने मला बोलावून आत बोट फिरवायला लावलं. बोटाला पांढरी पूड आणि तांबूस गाळ लागला. पाणी खेळायच्या वाटा अर्ध्या बुजलेल्या, भिंती आतून खाल्लेल्या. इंजिनाचं वरचं झाकण, ते हेड, वाकलेलं. गाडीचं वय काय, तर अजून सीटचं प्लास्टिक मी पूर्ण काढलं नव्हतं. साहेब म्हणाला की विहिरीचं पाणी घातल्यावर कंपनी जबाबदार नाही, आणि दर सर्व्हिसिंगला तुम्हीच सांगत होता की पाण्याला हात लावू नका. खरं होतं. मीच सांगत होतो. देवाचं पाणी आहे, काढू नका, असं सांगत होतो आणि ती पोरं मान हलवत होती. एकालाही वाटलं नाही की या माणसाला बाजूला घेऊन समजवावं. मला राग आला तो आधी त्यांचा.

मग रागाला खरा धनी मिळाला.

गाडी मी तुमच्या जुन्या क्लीनरकडे आणली. तुमच्या मागे त्याने रेवदंड्याच्या रस्त्याला गॅरेज टाकलं, आता म्हातारा झाला, आम्ही त्याला काका म्हणतो. कंपनीची गाडी कंपनीकडेच न्यावी म्हणून इतके दिवस मी त्याच्याकडे गेलो नव्हतो, त्याचा टोमणा त्याने आधी मारून घेतला. मग तो रेडिएटर हातात धरून बघत राहिला आणि म्हणाला, "आरं, तू ते पानी तसंच ठेवायचास?"

मी म्हटलं, म्हणजे काय?

"म्हंजे काढायचा न्हायस? आबा तर गावाभायेरचा पूल वलांडला की गाडी बाजूला घ्यायचा. खालची नळी सोडायचा, सगळं पानी जमिनीत. मंग डोंगरातल्या झऱ्याचं भरायचा. हांडे कोन वाहायचा? मीच." आणि हसला. "देवाचं पानी देवाच्या शिवेपर्यंत, असं बोलायचा तुझा बापूस. पुढं गाडी आपली."

मी त्याला विचारलं, मला का नाही सांगितलंत?

"तू इचारलंस कुठं? मला वाटलं, बापानं सांगितलान असंल."

आबा, मी तिथे एका जुन्या टायरवर बसलो. काका चहा सांगतो म्हणाला, मी नको म्हटलं. कारण मी विचारलं होतं. काकाला नाही. तुम्हाला विचारलं होतं.

तुम्हाला आठवत नसेल. मला ती सकाळ रेडिएटरच्या झाकणासकट आठवते. शाळेत गुरुजींनी खिळे मिठाच्या पाण्यात घालून ठेवले होते आणि काही दिवसांनी आम्हाला दाखवले होते. खिळ्यांना आलेला तांबडा गंज बोटाला लागत होता. आपल्या स्वयंपाकघरात दोन हंडे असायचे. एक देवळाच्या विहिरीचा, आंघोळीला आणि सडा घालायला. दुसरा लांबच्या विहिरीचा, कारण देवळाच्या पाण्यात डाळ शिजत नाही असं आई म्हणायची. हे सगळं एकत्र करून मी तुम्हाला विचारलं. दसरा होता, ट्रकला हार घातला होता, गावातली चार माणसं उभी होती. मी म्हटलं, आबा, हे पाणी मचूळ आहे ना, मग लोखंड गंजेल ना? तुम्ही तांब्या खाली ठेवलात. सगळ्यांसमोर माझा कान धरून म्हणालात, "देवाच्या पान्याची चव बघतोस? शाळंत हे शिकवतात?" माणसं हसली. आईने मला पदराआड घेतलं. त्यानंतर मी पाण्याबद्दल कधी बोललो नाही. शब्द गिळला आणि पाणी ओतत राहिलो.

आणि त्याच दिवशी, माझा कान अजून लाल असताना, तुम्ही पुलापलीकडे जाऊन ते पाणी जमिनीत सोडलंत.

हे मला पचत नाही. तुम्ही अडाणी असता तर मला काही वाटलं नसतं. तुम्हाला माहीत होतं. माझा प्रश्न बरोबर होता हे तुम्हाला कान धरताना माहीत होतं. मग संध्याकाळी घरी आल्यावर, जेवताना, माझ्या कानाशी लागून एवढंच सांगायचं होतंत की पोरा, तुझं खरं आहे, पण चारचौघांत बोलायचं नसतं. क्लीनरला सांगितलंत. त्याच्याबरोबर हसलात. पोटच्या पोराला अर्धी रीत दिलीत. ओतायचं शिकवलंत, काढायचं शिकवलं नाहीत. त्या अर्ध्या रीतीने माझं इंजिन खाल्लं आणि एका माणसाला बापाच्या अस्थी मासळीच्या टेम्पोतून न्यायला लावल्या.

काही दिवस मी देवळात गेलो नाही. देवावर राग नव्हता. देवाने कधी रेडिएटर मागितला नव्हता. पण गाभाऱ्यासमोर उभं राहिलं की तुम्ही दिसायचात, हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि मला वाटायचं, या वेळी तरी मनात खरं काय चाललंय यांच्या?

इंजिनाचं काय करायचं ते ठरवायचं होतं. घर त्याच गाडीवर चालतं, मला दुसरं काही येत नाही. कंपनीचं नवं सीलबंद इंजिन माझ्या आवाक्यात नव्हतं. काका म्हणाला की आहे ते बोअर करून, म्हणजे आतून कापून गुळगुळीत करून देतो, पण त्याच्या भिंतींनी मीठ प्यायलंय, चालेल तोवर चालेल. तिसरं म्हणजे कळंबोलीच्या बाजूला मोडीतल्या गाड्यांच्या आवारात एक इंजिन होतं, ह्याच गाडीचं, फार न चाललेलं. अपघातातल्या गाडीचं.

इथे पुन्हा तुम्ही. मेल्या गाडीचा जीव आपल्या गाडीत घालायचा नाही, हा तुमचा दुसरा नियम. त्यापायी तुम्ही एकदा ट्रक पंधरवडाभर दारात उभा ठेवला होता, पण अपघातातल्या गाडीची चाकाची दांडी लावली नव्हती. मी काकाला चिडून विचारलं की हा तरी नियम ते पाळायचे, की पूल ओलांडला की हाही सोडायचे?

काका या वेळी हसला नाही. म्हणाला, "ह्यो पाळायचा. पन भुताखेतासाठी न्हाय. पयल्यांदा एकदा लावलान तसला पार्ट. वरनं नवा, आतनं वाकलेला. घाटात चाक सुटलं. मी शेजारी बसलेला." मग हात पुसत म्हणाला, "डोळ्याला दिसत न्हाय ते लावू नये, एवढाच नियम. भूत तुझ्या आईसाठी."

म्हणजे याचंही कारण होतं, आणि तेही मला सांगितलं नव्हतं. मला भीती दिलीत, कारण स्वतःकडे ठेवलंत.

पण कारण कळलं तसा मी निघालो. त्या मोडीच्या आवारात आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी डोक्यावर उभा राहिलो. गाडी कुठून ठोकली होती ते दाखवायला लावलं. मागून ठोकली होती, पुढचा दिवासुद्धा शाबूत होता. माणसं वाचली का, तेही विचारलं. वाचली होती. तेलाचं झाकण उघडून पाहिलं, पाण्याच्या वाटेत टॉर्च मारून पाहिलं, बोट घालून पाहिलं. बोट स्वच्छ आलं. मग म्हटलं, इथेच चालू करून दाखवा, गरम होईपर्यंत. तिथला माणूस वैतागून म्हणाला, "शेठ, इंजिन घेताय की सून बघताय?" मी म्हटलं, सून असती तर एवढं बघितलं नसतं. तोही हसला आणि बॅटरी जोडायला गेला. मला प्रश्न विचारायची लाज वाटली नाही. कान धरायला तिथे कुणी नव्हतं.

तेच इंजिन घेतलं. कागद करून इंजिनाचा नवा नंबर गाडीच्या पुस्तकात चढवला, रेडिएटर नवा घातला. काकाने बसवताना मी शेजारी उभा होतो आणि माझी मुलगीही होती. ती आता गाडी शिकते आहे. तिला मी सगळं दाखवलं. विहिरीचं पाणी का घालायचं नाही, आजोबा ते का घालायचे आणि पुलापलीकडे काय करायचे, हेसुद्धा सांगितलं. तिने विचारलं की मग आजोबा खोटं वागले का? उत्तर मी अजून शोधतो आहे.

तुम्हाला लिहिलेला हा कागद कुठे पाठवायचा, याचा विचार केला. हरिहरेश्वरला पुन्हा जायचं आहे. त्या अस्थीवाल्या कुटुंबाला मी घरी जाऊन सांगून आलोय की वर्षश्राद्धाला मी नेईन, भाडं न घेता. तेव्हा तिथल्या समुद्रात सोडावा असं वाटलं होतं. नाही सोडणार. तुम्हाला पोचून मला काय मिळणार आहे? लिहून राग कमी होईल असं वाटलं होतं, तोही झालेला नाही.

काल सकाळी गाडी देवळासमोर आणली. काका सोबत होता. टाकीत हिरवं पाणी मी आधीच भरलेलं होतं, काठोकाठ. आई तांब्या घेऊन उभी होती. बॉनेट बंद दिसल्यावर ती थांबली.

मी म्हटलं, "आई, हे पाणी आता इंजिनात नाही घालायचं."

"का? बाटलंय काय?"

"बाटलं नाही. मचूळ आहे. इंजिन आतून खातं."

तिने बंद बॉनेटवर हात ठेवला. "तुझा बापूस जन्मभर ओतायचा. त्याच्या ट्रकाला तर काय न्हाय झालं."

काका उगाच पाना पुसायला लागला. माझ्या तोंडात सगळं तयार होतं, आबा. पूल, नळी, झरा, हांडे, तुमचं हसणं. इतके दिवस मी तेच पाठ करत होतो. आई तांब्याच्या काठाला अंगठा लावून उत्तराची वाट बघत होती.

"त्यांचा ट्रक मजबूत होता," मी म्हटलं. "माझी गाडी नाजूक आहे."

तिने चाकाकडे पाहिलं. "मंग चाकाला तरी चालंल ना?"

"चालेल."

ती वाकली आणि पुढच्या चाकावर तिने हळूहळू तांब्या रिकामा केला. रिमवरून पाणी ओघळलं. वाळलं की तिथे मिठाचा पांढरा डाग पडेल आणि त्याखाली गंज धरेल, हे मला माहीत होतं. फडकं माझ्या खांद्यावरच होतं. ती देवळात गेली, तिची पाठ वळली, काकाने माझ्याकडे बघून फडक्याकडे खूण केली.

मी पुसलं नाही.