"कडं कापा," मी म्हणाले

११ जानेवारी, रविवार

"जळकोटच्या सफाई कामगार बहिणींनो, भावांनो! ठेकेदारानं तुमच्या मनगटावर घड्याळ बांधलेलं नाही. पहारा बांधलाय!" — पहिल्याच वाक्याला सभा हातात आली.

ते घड्याळ सगळं सांगतं. कोण कुठे उभं आहे, किती वेळ उभं आहे. झाडू थांबला की मुकादमाच्या मोबाइलवर लाल ठिपका. लाल ठिपका म्हणजे पगाराला कात्री. सिंधु — या बायकांची पुढारी, बोलायला कुणाला भीत नाही — माइकवर म्हणाली, "आमी मुताया गेलो तरी हे घड्याळ बोंबलून राहिलंय!" हशा पिकला. हसता हसता दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावला.

मग मी ते वाक्य टाकलं. ठरवलेलं नव्हतं. जेवताना सिंधुच्या नवऱ्यानं, रविकांतनं, मोबाइलवर फोटो दाखवला होता. तो तळ्यात मासे धरतो. हिवाळ्यात तिथे परदेशी हंस उतरतात, राखाडी, डोक्यावर दोन काळे पट्टे. त्यातल्या एकाच्या पायात हिरवं कडं! त्यावर अक्षरं! माझं डोकंच फिरलं. सभेत म्हणाले, "माणसाच्या मनगटात घड्याळ, पाखराच्या पायात कडं! यांनी आभाळसुद्धा हजेरीवर लावलं! कापा ही कडी. मनगटातली कापा, पायातली कापा!"

टाळ्या थांबेनात. इतकी वर्षं बोलते आहे, असं वाक्य क्वचित हाती लागतं. लातूरला परत येताना एसटीत तेच मनात घोळत होतं.

१२ जानेवारी

व्हिडिओ फिरतोय. उदगीरहून फोन, देगलूरहून फोन. नांदेडच्या एका वकिलांनी तर वाक्य पाठच म्हणून दाखवलं. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहिते — छान वाटलं.

१३ जानेवारी

आज अक्षरा नावाच्या बाईंचा फोन. इथल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, पक्ष्यांच्या नोंदी ठेवतात. नमस्कार नाही, चमत्कार नाही — "मॅडम, तुम्ही त्या हंसाला मारणार आहात."

मीही ऐकून घेणारी नाही. म्हणाले, "बेडी घालणाऱ्यांनी मला दया शिकवू नये."

"बेडी नाही ती. सैल असते, पायाभोवती फिरते. आत बॅटरी नाही, यंत्र नाही. नुसता आकडा. कुणी पाहिला, वाचला, कळवला तरच त्याला अर्थ. नाही वाचला तर ते नुसतं प्लॅस्टिक."

"कळवायचं कुणाला? सरकारला?"

"मुंबईला पक्षी अभ्यासकांची संस्था आहे, त्यांना. कुठे दिसला, कधी दिसला, कुठल्या पायात कुठल्या रंगाचं कडं, वर काय लिहिलंय. जमलं तर फोटो. बास. अशा नोंदी जोडत गेल्या की त्याची वाट कळते. कुठलं तळं राखायला हवं ते कळतं."

"त्या पाखराला विचारलं होतं का, बांधताना?"

बाई म्हणाल्या, "नाही विचारलं. तुम्ही कापताना विचारणार आहात का?"

फोन मी ठेवला. वाद हरण्याची सवय नाही मला. आणि हरले आहे का, तेही कळत नाही.

१४ जानेवारी

सकाळपासून रविकांतला फोन लावतेय. लागत नाही. शेवटी सिंधुला लावला.

"ते तळ्यावर हाईत ताई. काल थोडक्यात हुकलं बदक. आज जाळं लावून राहिलेत, पक्कड घेऊन. उद्या सकाळी उतरलं की धरतेतच."

"सिंधु, थांबव त्याला!"

"काहून? तुमीच म्हनल्या की कापा म्हून."

सिंधुला फोनवर सांगून पटेना. अक्षरा मॅडमना मीच फोन केला. "पायाचं हाड केवढं असतं?" विचारलं. "पेन्सिलीहून थोडं जाड," म्हणाल्या. "पक्कड निसटली की संपलं." उद्या त्यांच्या स्कूटरवर निघायचं. एसटीची वाट बघण्यात अर्थ नाही.

१५ जानेवारी

पहाटेच अक्षरा मॅडमच्या स्कूटरवर निघालो.

पोचलो तेव्हा हंस जाळ्यात होता. रविकांतनं त्याला मांडीखाली दाबलं होतं, दुसऱ्या एकानं पाय ताणून धरला होता आणि पक्कड कड्याला लागली होती. मी बांधावरूनच ओरडले — "रविकांत! थांब!" मैदान भरून टाकणारा आवाज आहे माझा. त्या आवाजानं पाखरू असं उसळलं की जाळ्याचा दोर पंखात रुतला. पिसं उडाली.

अक्षरा मॅडमनी माझा दंड धरला. "ओरडू नका. तुमच्या आवाजानंच जाईल ते."

मला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं.

त्या वाकून गेल्या, ओढणी काढली, हळूच हंसाच्या डोक्यावर टाकली. अंधार झाला तसं ते निपचित पडलं. छाती तेवढी वरखाली. मग जाळ्याचा एकेक दोर कापला. कडं मला दाखवलं — बोटानं सरकवलं तर सहज फिरलं. हिरवं, त्यावर पांढऱ्यात के ४७. दुसऱ्या पायात धातूचं बारीक कडं, त्यावर लांबलचक आकडा. तो मी वाचला, त्यांनी लिहून घेतला. कड्याच्या कडेला पकडीचा चावा उमटला होता.

सोडलं. पाण्यावर पळत गेलं, मग उडालं. पाय खाली लोंबला नाही. पोटाशी घेतला. "नीट आहे," अक्षरा मॅडम म्हणाल्या आणि चिखलातच बसल्या.

रविकांत हातातल्या पकडीकडे बघत उभा. "मंग परवा बोलल्या ते खोटं होतं का, ताई?"

मी ती पक्कड त्याच्या हातातून काढून घेतली.

१६ जानेवारी

अक्षरा मॅडमनी नोंद मुंबईला पाठवली. कळवणाऱ्याच्या जागी माझंही नाव टाकलं. त्यांना म्हटलं, कशाला. म्हणाल्या, "आकडा तुम्ही वाचलात ना? मग तुमचं."

१८ जानेवारी, रविवार

जळकोटला पुन्हा सभा. सरळ सांगितलं — "मागच्या रविवारी मी पाखराच्या कड्याबद्दल बोलले ते चुकलं. न विचारता, न वाचता बोलले. ते कडं कापायचं नाही."

टपरीवर मुकादम वीरेश उभा होता. ठेकेदाराचा माणूस. तिथूनच ओरडला, "मंग घड्याळबी चांगलंच की ताई! तुमीच सांगा आता बायांना, घाला म्हून!"

लोक हसले. माझ्यावर.

म्हणाले, "वीरेश, त्या हंसाच्या आकड्यावरून कुणी त्याचा दाणा कापतं का रे? तो पाण्यात जास्त वेळ बसला म्हणून त्याला फोन जातो का? आकडा वाईट नसतो. आकडा कोण वाचतो आणि वाचून काय करतो, ते बघायचं!"

सिंधु खालून — "आन् त्येच्या मागं येक मुकादमबी नसतो!"

सभा परत आली. पण पूर्वीसारखी नाही. टाळ्या मोजून वाजल्या.

मग खरा पेच. मी म्हणाले, आजच्या भाषणाचाही व्हिडिओ मोबाइलवर टाकू. जिथे जिथे पहिला व्हिडिओ गेला तिथे हा जाऊ दे. सिंधुनं हात धरून बाजूला नेलं. "ताई, हितं सांगितलंत, बास झालं. मोबाइलवर काहून? वीरेश त्येवढाच तुकडा कापंल — 'ताई म्हनल्या चुकलं' — आन् गावभर नाचवंल. ठेकेदार या आठवड्यात बोलाया बसनार हाय. आमच्या पोटाचं बघा की. पाखरू तर सुटलं न्हवं?"

पाखरू सुटलं होतं. ती चूक बोलत नव्हती.

नाही टाकला.

२२ जानेवारी

ठेकेदार बसला बोलायला! पगारकपात बंद. घड्याळाचं पुढच्या महिन्यात बघू म्हणतो. सिंधु फोनवर रडली आणि शिव्याही दिल्या, त्याला. अक्षरा मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं, "तो दुसरा व्हिडिओ टाकलात का?" म्हटलं, थोडे दिवस जाऊ द्या, आता टाकला तर बायकांचं हातातलं जाईल. त्यांनी फोन ठेवला.

२५ जानेवारी, रविवार

मुंबईहून उत्तर! के ४७ मादी आहे. मंगोलियातल्या एका तळ्यावर तिला कडं घातलं, पिल्लू होती तेव्हा. त्यानंतर ती कुठे गेली, जगली का मेली, कुणालाच ठाऊक नव्हतं. चार वर्षांत तिला वाचणारे आम्हीच पहिले. हिमालय ओलांडून ही बया इथवर आली, आणि जळकोटच्या तळ्यावर कुणीतरी तिचा आकडा वाचला तेव्हा जगाला कळलं की ती आहे!

ज्याला मी हजेरी म्हटलं, ती हजेरी घेणाराच कुणी नव्हता चार वर्षं. आपल्याकडे किती माणसं अशी असतात — आहेत हेच कुणाला ठाऊक नसतं. या वाक्यावर भाषण होईल. नको. आधी पुरतं समजून घ्यावं.

रविकांतला वाचून दाखवलं. "चार वर्साची? आन् बाई हाय?" म्हणाला. मग म्हणाला, "थवा गेला ताई कालच, दुसऱ्या कुन्या तळ्यावर. तळं सुनं वाटून राहिलं."

२९ जानेवारी

तो पहिला व्हिडिओ काढून टाका असं चार जणांना सांगितलं. चौघांनी काढला. बाकीचे कोण, कुठे, मला माहीत नाही. दुसरा अजून माझ्याच मोबाइलमध्ये. घड्याळाचा निकाल लागला की त्याच दिवशी टाकते.

२ फेब्रुवारी

सकाळी नायगावहून अनोळखी फोन. "जय भीम ताई! मी धम्मानंद. तुमचा व्हिडिओ बघून पेटलो आमी पोरं. येक कडं कापलं! एसटीच्या कंडक्टरकडं डबी दिलीय, आमच्याकडून भेट घ्या."

स्टँडवर जाऊन घेतली. तिथेच उघडली. हिरवं. के ४७. आत पाय आहे अजून.

उभी होते तिथेच मोबाइल समोर धरला. आवाज चढवला नाही. वीरेशला हवं तेवढं कापू दे त्यातलं.

"मी बुद्धप्रिया. माझा तो जुना व्हिडिओ ज्याच्याकडे आहे त्यानं आज, आत्ता, तो जिथे जिथे पाठवला तिथे हा पाठवावा. पाखराच्या पायातलं कडं कापू नका."