गायीचा दोर धरणाऱ्याची सावली

मी, नीळकंठ यशवंत टिळेकर, राहणार युट्रेख्ट, नेदरलँड्स. माझं डोकं ठिकाणावर आहे, असं आमचे इथले डॉक्टरही म्हणतात. घरच्यांनी त्यावर वाद घालू नये. कोणाच्याही दबावाखाली न येता, मात्र भरपूर वैतागून, हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. घर आणि बचत पत्नी सौ. सरला हिला, तिच्या पश्चात मुलगा सारंग याला. नोटरीकडचा कागद तसाच केलेला आहे. सायकल कोणीही न्यावी. ब्रेक लागत नाही.

२. जुन्या बाजारांतून जमवलेल्या, शंभर वर्षांपूर्वीच्या जनावरांच्या फोटोंच्या निगेटिव्ह काचा. त्यांवर सगळं उलटं असतं: ऊन काळं, सावली नितळ. सरलाने दिवाळीच्या साफसफाईत "अगंबाई, किती मळल्यात!" म्हणून त्या सोड्याच्या गरम पाण्यात लख्ख धुतल्या. घोडे, कुत्री, मेंढ्या, सगळं सिंकमधून गेलं. माझ्या टेबलावर होती म्हणून गायीची तेवढी काच वाचली. धुतलेल्या काचा सरलालाच. लोणच्याच्या बरण्यांवर झाकायला घेतल्याच आहेत, त्या तशाच वापराव्यात.

३. त्या गायीने ऐन वेळी मान हलवली, म्हणून तोंड पुसट आलंय. दोर धरणारा चौकटीबाहेर. गवतावर फक्त त्याची सावली. ती मात्र रेखीव, कारण बिचारा जागचा हलला नाही. सारंगने माझ्या वाढदिवसाला कॉम्प्युटरकडून गायीला नवं तोंड बसवलं, सावली काढून टाकली आणि फ्रेम करून दिलं! वर म्हणतो, "बाबा, शॅडो डिस्ट्रॅक्टिंग होती." कपाळ माझं!  सरला म्हणाली, "अरे, पण दोर धरलेला तो माणूस कुठे गेला?"

म्हणून ती काच सरलाला. पाणी लावू नये. फ्रेम सारंगला परत.

४. घरातल्या एकाही फोटोत मी नाही, कारण काढणारा मीच. द हेगच्या समुद्रावर गाढवावर बसलेला छोटा सारंग आणि शेजारी सरला, अशा एका फोटोत वाळूवर माझी सावली आली आहे. फोनमधला अल्बम 'क्लीन' करताना सारंगने तीही पुसली. याचं मला फार वाईट वाटलं. मूळ फोटो माझ्या कपाटात आहे. माझ्यामागे भिंतीवर तोच लावावा, पासपोर्टचा नको. हार घालायचाच तर सावली झाकणार नाही, असा घाला.

सही: नी. य. टिळेकर
साक्षीदार: लोकेश वाघचौरे, तेजल वाघचौरे (शेजारी)
युट्रेख्ट, ४ नोव्हेंबर २०२५