हँडलातली कट्ट

मंगळवार, संध्याकाळ

आज श्रीगोंद्याहून येताना उतारावर मोटरसायकलचं हँडल परत थरथरायला लागलं. मागे बसल्या बसल्या यांचे खांदे हलताना दिसत होते. यांनी एकदम ब्रेक न दाबता वेग हळूहळू कमी केला, म्हणून वाचलो.

घरी आल्यावर शेजारच्या सलीमभाईंना बोलावलं. त्यांचं गॅरेज आहे. त्यांनी पुढचं चाक उचलून धरलं आणि मागेपुढे हलवलं. कट्ट. मीही हात लावून पाहिला. ती कट्ट अजून बोटांत आहे.

“हँडलच्या बेअरिंगचा कोनसेट गेलाय, वहिनी. नवा टाकल्याशिवाय गाडी काढू नका.”

हे म्हणाले, “पहाटे कारखान्यावर पाळी हाय. आज नट आवळतो, रविवारी बघू.”

“आवळून भागायचं न्हाई,” सलीमभाई म्हणाले.

रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, त्यात अंधार. यांना भीती वाटतच नाही, की मला दाखवायची नाही?

चावी मी पिठाच्या डब्यात लपवली. आत्ता अंगणातून पान्याचा आवाज येतोय. चावी कुठंय, हे यांनी विचारलंसुद्धा नाही. म्हणजे दुसरी यांच्या खिशात आहे.