रेषा सरळ आहे

३ मार्च, मंगळवार

साहेबांच्या कपाळाला आठ्या. म्हणे, आलेख दात पडलेल्या तोंडासारखा दिसतो, असा वर कसा दाखवायचा?

रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात आमची तीन यंत्रं पुरलीत. डोंगर किती हलला ते दर तासाला कळवतात. माझा प्रोग्रॅम त्याची रेषा काढतो, आणि रेषा चढली की खालच्या वस्तीत भोंगा वाजवतो. पण मधूनच एखादा आकडा येतच नाही. तिथे रेषा तुटते. साहेब म्हणाले, "तुम्ही गणितातल्या डॉक्टर ना? मग भरा की ती भोकं."

भरली. आकडा आला नाही तर आधीचाच धरायचा. दोन ओळींचं काम — पहिल्या फटक्यात चाललं! रेषा अखंड. स्वतःवरच खूश होऊन चहा प्यायले.

५ मार्च, गुरुवार

आज उगाचच बाबांचा अंगठा आठवला. बाबा विजेची कामं करायचे, त्यामुळे अंगठ्याला कायम काळी चिकटपट्टी. कामावरून कितीही दमून आले तरी फरशीवर खडूने आकडे मांडायचे आणि एक अंगठ्याखाली झाकायचे. "सांग, इथे कोण लपलंय?" मी पहिलीत असेन. बरोबर सांगितलं की अंगठा उचलायचे आणि तो आकडा खरंच तिथे असायचा! त्या क्षणासाठी मी गणित केलं. शिष्यवृत्त्या, प्रबंध, ते सगळं नंतरचं. प्रोग्रॅम लिहायला शिकले तेव्हाही तेच — कळ दाबायची, अंगठा उचलायचा, बघायचं.

आता बाबा अंथरुणावर असतात. ताईकडे, त्याच डोंगराच्या पायथ्याशी. विद्यापीठ सोडून ही नोकरी का घेतली, हे मुलाखतीत विचारलं होतं. मी काहीतरी भलतंच उत्तर दिलं.

९ मार्च, सोमवार

ताईचा फोन. मागच्या खोलीचं दार कालपासून लागत नाही. सुतार तासून गेला, सकाळी पुन्हा अडकलं. "लाकूड फुगलं म्हणतो. अगं, पाऊस नाही पाणी नाही, फुगेल कशाने?" तिला काही ते बरं वाटेना. गाडी सांगून बाबांना घेऊन नदीपलीकडे मावशीकडे गेली सरळ.

मी लगेच आलेख उघडला. सपाट. ताई लहानपणापासून अशीच, पालीला बघून घर सोडणारी.

११ मार्च, बुधवार

मावशीकडून ताई बोलत होती. बाबांना परक्या पलंगावर झोप नाही, रात्रभर हाका मारतात. मावशी मेटाकुटीला आलीय. "तू रोज बघतेस ना ते तुझं? आम्ही जाऊ का परत?"

बघितलं. पट्टीने ओढावी इतकी सरळ. म्हटलं, "रेषा सरळ आहे, ताई. दाराचं सुताराला विचार, डोंगराचं मला." हसली. "बघते," म्हणाली.

फोन ठेवल्यावर बरं वाटलं. इतकी वर्षं जे शिकले ते निदान एकदा घरच्यांच्या उपयोगी पडलं.

१२ मार्च, गुरुवार

साहेबांनी आलेख मोठा छापून भिंतीवर लावलाय. सगळ्यांसमोर माझं कौतुक. मलाही गोड वाटलं, खोटं कशाला लिहू?

१३ मार्च, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत डबा हातात घेऊन त्या भिंतीपुढे उभी होते. आणि डबा न उघडताच खाली ठेवला.

रेषा थरथरत नाहीये. खरी मोजलेली रेषा अशी नसते. उन्हाने यंत्र तापतं, रात्री गार पडतं, डोंगर निवांत असला तरी रेषा जराशी कापतेच. डावीकडे कापतेय. रविवारपासून नाही. रविवारपासून मेल्यासारखी पडलीय.

धावत जागेवर आले, मूळ आकडे उघडले. रविवारपासून तिन्ही यंत्रांपुढे रिकामं. माझ्या दोन ओळी शनिवारचाच आकडा पुन्हा पुन्हा लिहीत बसल्या होत्या. अंगठा उचलला, खाली कोणीच नव्हतं.

आमच्या तारवाल्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "वरची केबल ना? तुटलीय ती, मॅडम. तुमची रेषा नीट येत होती, म्हटलं घाई नाही. जनावराने ओढली असेल."

यंत्रांचे आकडे आणणारी ती केबल पुरुषभर खोल पुरलीय. तिथे कुठलं जनावर जातंय? तिला तोडायला डोंगरच लागतो. तो रविवारी हलला, आणि त्याच दिवसापासून ताईचं दार लागत नाही. दाराने आणि रेषेने, दोन्हींनी मला सांगितलं होतं आणि मी ते हसण्यावारी नेलं.

भोंगा हाताने वाजवायला गेले. तोही त्याच केबलवर! साहेबांना सांगितलं. आधी म्हणाले, खात्री करून घ्या, उगाच वस्ती कशाला उठवायची? मी इतकी ओरडले की सगळं ऑफिस उठून उभं राहिलं. मग त्यांनी गाडी पाठवली, तारवालाही त्यातच गेलाय, दारोदार सांगायला. पोचायला वेळ लागेल.

तोवर हे लिहितेय. दुसरं करण्यासारखं काही उरलेलं नाही. देवाची कृपा एवढीच, की ताई ते दार बघून घाबरली आणि बाबांना घेऊन मावशीकडे गेली. ती दोघं तिथे आहेत म्हणून मी निदान खुर्चीत बसू शकतेय. मावशीला फोन करून सांगते, आता महिनाभर कुणी हलू नका.

१३ मार्च, थोड्या वेळाने

मावशी म्हणाली, "अगं, ते तर परवाच घरी गेले. रेषा सरळ आहे, असं तूच सांगितलंस ना ताईला?"

ताईचा फोन वाजतोय. नुसता वाजतोय.