हेराल्डच्या पोटातलं पाणी

१२ ऑगस्ट २००१, रविवार

हेराल्ड बंद पडली. या वेळी खरोखरची! वटारच्या वाडीतून निघून भुईगावच्या वळणापर्यंत गेली, मग बॉनेटखालून वाफ, मग एक खणकन आवाज — संपलं. बाबा सीटवरून उठायलाच तयार नव्हते. "थंड होऊ दे, चालेल." तासभर दोघं बसून राहिलो. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून सल्ला देऊन गेला. शेवटी केळीच्या टेम्पोला दोर बांधून ती पापडीला ॲन्सेल्मच्या गॅरेजात पोचवली. बाबा स्टिअरिंग धरून, मी टेम्पोत, सारखी मागे वळून बघत.

अडुसष्ट साली त्यांनी ही घेतली. दोन दारं, वर क्रीम, खाली लाल. मी चालवायला शिकले ती हिच्यावर. बाकीच्या मैत्रिणी सायकल शिकत होत्या.

१५ ऑगस्ट

ॲन्सेल्म म्हणतो, "ताई, हेड गॅस्केट. आठवड्यात देतो." त्याचा आठवडा मला चांगला ठाऊक आहे.

२० ऑगस्ट

गॅस्केट नव्हेच. इंजिनाच्या ब्लॉकलाच तडा गेलाय. ॲन्सेल्मने आधी गॅस्केट आणून ठेवली होती, ती मला दाखवत म्हणाला, "ही परत घेतील." मग मुद्द्यावर आला. या गाडीचा ब्लॉक आता मिळणार नाही, मिळाला तरी तोही म्हाताराच असणार. पण त्याच्याकडे ११८ एनई या अलीकडच्या गाडीचं एक इंजिन आहे, मागून ठोकलेल्या गाडीतून काढलेलं. गिअरबॉक्ससकट. "इंजिन बसतं ते फाउंडेशन कापून नवीन लावू, शाफ्ट जोडून घेऊ. पळेल अशी, की तुम्हीच घाबराल."

बोलताना त्या इंजिनावर असा हात ठेवून उभा होता, जणू मुलीचं स्थळ सांगतोय.

२२ ऑगस्ट

गणपती आले. आज गाडीचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं. आरतीच्या मध्यावर आठवलं, की नव्या इंजिनाला रेडिएटरही नवा लागेल.

२ सप्टेंबर, रविवार

आज वेगळंच झालं. पापडीचे फर्डिनंड अंकल, बाबांच्या शाळेतले मित्र, त्यांची स्पिटफायर विकायची म्हणतात. ट्रायम्फची. गडद लाल, दोन सीट, छत उघडं. जहाजावर नोकरीला होते तेव्हा आणलेली. त्यांनी बारा महिने पुसून, पॉलिश करून ठेवली आहे. काहीही करायचं नाही, किल्ली फिरवायची आणि निघायचं.

"मग विकता कशाला?" मी विचारलं.

"अगं, बसतो आरामात. उठायला दोन माणसं लागतात. गुडघे! माझी रोझी म्हणते, गाडी ठेव नाहीतर मला ठेव." मग हळूच, "तुझ्याकडे, जगन्नाथच्या मुलीकडे गेली तर मला बघायला तरी मिळेल."

किल्ल्यापर्यंत चालवून आणली. जमिनीला टेकून बसल्यासारखं वाटतं, एसटी शेजारून गेली की फक्त चाक दिसतं. गतिरोधकावर पोट घासलं तेव्हा अंकलनी डोळे मिटून घेतले. पण काय गाडी आहे! चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, परत येईपर्यंत तोंडावरचं हसू जात नव्हतं.

म्हणे हेराल्ड आणि ही एकाच सांगाड्यावर उभ्या. दोघी बहिणी. एक नटवी, एक घरातली.

९ सप्टेंबर

संग्रामचं मत ठाम आहे. "तयार गाडी घे. व्हीआरएसचे पैसे बँकेत झोपलेत, तूही मार्चपासून घरात येरझाऱ्या घालतेस. ॲन्सेल्मच्या नादी लागलीस तर वर्षभर गाडी उघडी पडून राहील आणि तू रोज पापडीला." माझा नवरा असं बोलतो तेव्हा बहुधा बरोबर असतो, हेच वैतागाचं.

त्याचं म्हणणं मांडून बघितलं. स्पिटफायर — कागद स्वच्छ, सगळं मूळचं, आजपासून चालू. हेराल्ड — कापाकापी, ठाण्याच्या आरटीओत इंजिन बदलल्याची नोंद करायला खेटे, आणि एवढं करून बॉनेट उघडलं की आत परकं कुणीतरी बसलेलं. फर्डिनंड अंकल म्हणाले होते, "इंजिन बदललं की ती हेराल्ड नाही, हेराल्डची साडी."

पण मला तसं वाटत नाही. गुडघा बदलला म्हणून माणूस बदलतो का? बसल्यावर डाव्या दाराची ती करकर, डॅशबोर्डच्या लाकडाचा वास, बाबांचा गॉगल ठेवायचा कप्पा — हे इंजिनात नाही. शिवाय फर्डिनंड अंकलची गाडी त्यांनी घडवलेली. मी फक्त विकत घेतलेली राहणार.

बाबांना काय वाटेल, हीच खरी भीती. ज्यांनी तेहतीस वर्षं मूळचा बल्बसुद्धा शोधून आणला, त्यांना ११८ एनई कसं सांगू?

१६ सप्टेंबर, रविवार

गॅरेजात गेले होते. ॲन्सेल्मने जुनं इंजिन पूर्ण खोललंय. पाण्याच्या वाटा गंजाने बुजल्या आहेत, आणि गंजावर पांढरा थर. "काय पाणी घालता हो यात?" तो म्हणाला. मी म्हटलं, आमच्या विहिरीचं. दुसरं कुठलं?

आमच्याकडे ही पद्धतच आहे. दसऱ्याला गाडीला हार, कुंकू, आणि विहिरीतून काढलेला पहिला तांब्या रेडिएटरमध्ये. बाबा स्वतः ओततात. एरवीही पाणी घालायचं ते तेच. पाहुणा आला की चहाआधी, "आमचं पाणी पिऊन बघा." पणजोबांनी खणलेली विहीर. वटारमध्ये एवढं गोड पाणी नाही, हे मी पाळण्यापासून ऐकत आले.

तो पांढरा थर बोटावर घेतला आणि चाखला. ॲन्सेल्म ओरडला, "ताई, काय करता!"

खारट. चक्क मीठ.

१७ सप्टेंबर

मुद्दाम सकाळी वाडीवर गेले. बाबा देवळात होते. विहिरीतून कळशी काढून ओंजळभर प्यायले. खारट. स्वयंपाकघरात गेले, तांब्याच्या हंड्यातलं प्यायले — गोड. आई कोथिंबीर निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, "कळलं ना तुला?"

शेजारच्या रिटाची विहीर समुद्रापासून आतल्या अंगाला आहे, अजून गोड. रिटाचा नवरा फ्रान्सिस रोज सकाळी, बाबा देवळात गेले की, सायकलवरून दोन कॅन आणून देतो. आई हंडा भरते. किती वर्षं? "झाली असतील बरीच. आपली पानवेल जळली ना, तेव्हापासून." तेव्हा बाबा कीड लागली म्हणाले होते. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली होती.

"त्यांना चव कळत नाही?"

"जिभेला आता कुठे काय कळतंय. पण त्यांच्या आजोबांची विहीर आहे ती. रोज उठून पाहुण्यांना पाजतात. खारी झाली म्हणून सांगितलं तर हाय खातील. तूही बोलू नकोस."

म्हणजे एवढी वर्षं घरात सगळे रिटाकडचं पाणी प्यायलो. पाहुणेसुद्धा. आमच्या विहिरीचं पाणी एकटी हेराल्ड प्यायली. मला खूप वाईट वाटलं. गाडीचं वाटलं की बाबांचं, सांगता येत नाही.

२३ सप्टेंबर

आज नालासोपाऱ्याच्या आमच्या बिल्डिंगखाली टँकर उभा होता. कॅनमधून पाणी भरायला मीही रांगेत. ड्रायव्हरला सहज विचारलं, कुठून आणता? "वटारसाईडनं." पाणी छान गोड होतं. वर आणून ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. आजूबाजूच्या विहिरी पंप लावून उपसल्या, की समुद्र आत सरकतो — हे बाबाच शिकवायचे, आम्ही लहान असताना.

गाडीचा प्रश्न आता वेगळाच होऊन बसलाय. नवं इंजिन टाकलं की दसऱ्याला बाबा तांब्या घेऊन येणार. एक तर नव्या इंजिनात मीठ ओतू द्यायचं, नाहीतर त्यांना सांगायचं. स्पिटफायर घेतली तर काहीच सांगावं लागत नाही. हेराल्ड म्हातारपणाने गेली, एवढंच. अंकलच्या गाडीला तांब्याबिंब्याची सवय नाही.

संग्राम म्हणाला, "बघ, देवच सांगतोय लाल गाडी घे." देव गाड्यांच्या व्यवहारात पडायला लागला तर फार कामं होतील त्याला.

उद्या अंकलना हो सांगते.

२४ सप्टेंबर

सांगितलं नाही. फोन उचलला आणि ठेवला.

३० सप्टेंबर, रविवार

बाबांनी स्वतःच विषय काढला. ओटीवर बसून सुपारी कातरत होते. "फर्डीची गाडी घेतेस म्हणे."

मी म्हटलं, बघतेय.

"घे. चांगली आहे. पण तिला मागे सीट नाही." अडकित्ता थांबला. "मी आणि आई कुठे बसणार?"

मी एवढी तोलत बसले होते — कागद, मूळपण, आरटीओ, मीठ. सीट माझ्या मनात कुठेच नव्हत्या! चाचरत ११८ एनईचं सांगितलं. वाटलं, आता चिडतील. ते म्हणाले, "कुठलंही टाक गं. मला काय इंजिनावर बसायचंय? दसऱ्याला तुझ्या आईला अर्नाळ्यापर्यंत फिरवून आणू. बरेच दिवस समुद्र बघितला नाही म्हणते."

तिथून थेट पापडी. फर्डिनंड अंकलना नाही सांगितलं. ते म्हणाले, "हेराल्डची साडी," आणि हसले. थोडे दुखावले, पण दिवाळीला एकदा चालवायला देईन म्हणाले. मग ॲन्सेल्मला हो. दसऱ्याआधी पाहिजे, म्हटलं. "आठवड्यात," तो म्हणाला.

१० ऑक्टोबर

फाउंडेशन एकदा चुकलं, पुन्हा कापलं. रेडिएटर बसत नाही. संग्राम काही बोलत नाही, नुसता बघतो. बोलला असता तर बरं झालं असतं.

२१ ऑक्टोबर

सुरू झाली! आवाज बदललाय. जुनी खोकायची, ही घसा साफ करून बोलते. ॲन्सेल्मने गॅरेजातल्या सगळ्यांना वडापाव वाटले. मी घरी येताना उगीचच हॉर्न वाजवत आले.

२५ ऑक्टोबर

आईशी बोलले. ती सांगू देत नाही, आणि उद्याच्या दिवशी मलाही बाबांचा चेहरा पडलेला बघायचा नाही. तेव्हा असं ठरलं — ते ओततील, ओतू दे. पूजा झाली की फिरायला निघायच्या आधी काहीतरी निमित्त काढून मी गाडी पापडीला नेईन. ॲन्सेल्म पाणी सोडून, धुऊन, नवं भरून देईल. तासाभरात होईल म्हणतो. खोटेपणा आहे हे कळतं. पण या घरात पाण्याच्या बाबतीत खरं कधीपासून कोण बोलतंय?

२६ ऑक्टोबर, दसरा

हेराल्ड पिंपळाखाली उभी केली, तोंड ओटीकडे. हार, कुंकू, चाकाखाली लिंबू. बाबा घरामागून तांब्या घेऊन आले. या गाडीचं अख्खं नाक पुढे उलटून उभं राहतं, त्यामुळे ओटीवरच्या आईला आम्ही दोघं दिसत नव्हतो. ते वाकून रेडिएटरमध्ये ओतायला लागले. माझा चेहरा बघितला असावा त्यांनी. न थांबता, अगदी हळू म्हणाले, "रिटाकडचं आहे. आपलं खारं पाजून जुन्या इंजिनाला उगीच मारलं मी. आईला बोलू नकोस."

पलीकडून आईने विचारलं, झालं का. झालं, म्हटलं, आणि बॉनेट लगेच खाली घेतलं नाही.