निळ्या बटणाचा कोट

अण्णा, तुमचा कॉम्प्युटर अखेर गेला. तुमच्यामागे पंधरा वर्षं मी तो थापट्या मारून, फुंकर घालून चालवला, पण मागच्या सोमवारी स्क्रीन काळी झाली ती झालीच. नवीन मशीन आणलं, त्यात फोटोचं नवीन सॉफ्टवेअर घातलं. पहिल्या दिवशी माझी गत नव्या सुनेसारखी, कुठल्या डब्यात काय आहे तेच कळेना. केसांची कड कापायला तुम्ही जीभ दातांत धरून तासभर बसायचात. हे एका क्लिकला कापून मोकळं होतं आणि वर विचारतं, आणखी काय करू? आगाऊ कुठलं! पण खोटं कशाला बोलू, मला आवडलं ते. शहापूरच्या एसटी स्टँडमागच्या आपल्या एवढ्याशा दुकानात मी दुपारभर त्याच्याशी खेळत बसले, गिऱ्हाईक आलं तरी लक्ष नाही.

त्या खेळण्यामागे एक आशा होती. आईला तुमचा चेहरा आठवेनासा झालाय. जन्मभर लोकांचे फोटो काढलेत, स्वतः मात्र कधी कॅमेऱ्यापुढे उभे राहिला नाहीत. लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला. भिंतीवर आहे तो मतदान कार्डावरून मोठा केलेला, पार फुटलेला. तोच नव्या सॉफ्टवेअरला दिला आणि म्हटलं, कर साफ. केला की! गोरापान, गुळगुळीत, दात एका ओळीत. सापगावला घरी नेऊन आईला दाखवला. तिनं खिडकीशी धरून बघितला आणि म्हणाली, "ह्यो कोन गो? कुनाचा जावई?" मी हसले. मग ती हळूच म्हणाली, "ह्यो तर नाय. पन ते कसे होते, ते बी आता येत नाय डोल्यापुढं." मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले आणि चुलीकडे तोंड करून रडले.

दुसऱ्या दिवशी शेणव्याच्या वरच्या पाड्यावरची एक बाई आली. बाप गेला होता, दहाव्याला हार घालायला फोटो हवा. तुम्हाला माहीत आहेच, अशा माणसाचा फोटो म्हणजे कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीतला, बनियनवरचा. मी म्हातारा कापून घेतला, सॉफ्टवेअरनं त्याला सूट चढवला, टाय बांधला. बाई बघतच राहिली. "ताई, आमचा बा यात मावत नाय. बँकेतला साहेब दिसतोय. आमच्या काकाला घातलाव ना कोट, निल्या बटनाचा, त्योच घाला." मी कपाळावर हात मारला. तुमचा कोट! मुरबाडपासून किन्हवलीपर्यंत जी म्हातारी माणसं भिंतीवर कोटात बसलीत, ती सगळी तुमच्या लग्नातल्या त्या एका कोटात बसलीत. पण रोज वापरायची ती कोटाची फाइल जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेली होती.

तो कोट ज्या दिवशी फोटोत आला, तो दिवस मला लख्ख आठवतो. मी दहावीत आहे. तुम्ही ट्रंकेतून कोट काढलाय, डांबरगोळ्यांचा वास सुटलाय, आणि तुटलेल्या बटणाच्या जागी आईनं माझ्या जुन्या फ्रॉकचं निळं बटण लावलंय. तुम्ही निळ्या पडद्यापुढे स्टुलावर बसता, कॅमेरा माझ्या हातात देता. "तोंडाकडं बघू नको, खांदे सरल येव दे." मी म्हणते, "अण्णा, आज नवरदेव का?" आणि बटण दाबते. मग कॉम्प्युटरवर तुम्ही तुमचं डोकं उडवलंत, राहिला नुसता कोट. मी टाळ्या पिटल्या. त्याच आठवड्यात मी एका फोटोतला नको असलेला माणूस कॉम्प्युटरच्या खोडरबरानं साफ खोडला, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. "पुसायचं नाय. झाकायचं. पुसलेलं परत येत नाय, झाकलेलं उघडता येतं." किती रागावला होतात! मला वाटलं, फाइल वाया गेली म्हणून.

तर बाईला बाकावर बसवून मी तुमचं कपाट उपसलं. सापडली एक सीडी, तुमच्या वाकड्या अक्षरात 'कोट - मूळ'. नव्या मशीनला सीडीचं तोंडच नाही, म्हणून शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून ती चालवायचा डबा मागून आणला. फाइल उघडली. कोट तसाच, बटण तसंच. पण हे नवीन सॉफ्टवेअर चोंबडं आहे, कशावर काय झाकलंय ते बाजूला चित्र काढून दाखवतं. कोटाशेजारी एक काळा चौकोन होता, काहीतरी झाकल्याची खूण. मी तो बंद केला.

अण्णा, तुम्ही हसत होतात. कॉलरच्या वर मान, मानेवर तुम्ही. केस विस्कटलेले, डावा डोळा अर्धा मिटलेला, तोंड उघडं, मला दटावायला निघालेले आणि मधेच हसू फुटलेलं. मी जागच्या जागी ओरडले. ती पाड्यावरची बाई घाबरून उठलीच. मग जवळ आली आणि म्हणाली, "कोटाचं मालक काय गो हे?"

संध्याकाळी फोटो फ्रेम करून आईच्या हातात दिला. छापताना सॉफ्टवेअर विचारत होतं, मिटलेला डोळा उघडू का? मी नको म्हटलं. आईनं बघितला, पदरानं काच पुसली, परत बघितला. "हेच," म्हणाली. "हा डोला असाच मिटायचा हसताना. आन् मेल्यांनी कोटाला इस्त्री नाय केली." मग रात्रीच्या भाकऱ्या करताना तुमच्यावर कुरकुरत राहिली, जणू तुम्ही ओटीवरच बसला आहात. कित्येक वर्षांत मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

हे पत्र मी आज दुकानात त्याच फाइलमध्ये टाइप करतेय, तुमच्या खालच्या थरावर, लेअरवर. लिहून झालं की झाकून ठेवीन. पुसणार नाही. एक मात्र कबूल करते. त्या बाईला काल परत पाठवलं होतं, तिच्या बाचा फोटो आज द्यायचा होता. म्हाताऱ्याला कोट घालायचा तर तुमचा चेहरा परत झाकावा लागतो, आणि हात काही पुढे होत नाही. ती आली तेव्हा मी खोटंच सांगितलं की काल तुम्ही गेल्यावर लाइट गेली होती, उद्या सकाळी या. उद्या नक्की झाकीन.